झोळीखालची दुलई

२ डिसेंबर

ती. मामा आणि मामीला,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, मी बरी आहे. इथे फोनला रेंज नाही आणि शिधा आणणारी गाडी फक्त मंगळवारी परत जाते, म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप.

काम मनासारखं आहे. नदीकाठच्या दलदलीत पाणमांजरांच्या पाऊलखुणा मोजायच्या. उजाडता उजाडता चिखल ताजा असतो, तेव्हाच ठसे नीट वाचता येतात. एकदा का पाखरं उतरली की सगळं पुसून जातं. म्हणून एकेका खेपेला पाच रात्री तिथेच मुक्काम. जमिनीवर वीतभर चिखल, त्यामुळे दोन झाडांना हॅमॉक बांधून त्यात झोपायचं. मामा, तू त्याला झोळी म्हणशील, म्हण.

आता खरी अडचण. मला थंडी वाजते, आणि ती खालून वाजते. जाड स्लीपिंग बॅग आहे, छाती-पोट कसं छान ऊबदार, पण पाठ बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी. पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी परतले, दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच. हात इतका थरथरत होता की एकाच ठशाची रुंदी तीनदा मोजली आणि तीन वेगळे आकडे आले.

आमच्या पथकप्रमुख बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सवय होते, पण तिसऱ्यांदा अर्ध्यातून आलीस तर उरलेला हिवाळा कार्यालयात बसून इतरांच्या नोंदी उतरवायच्या. तिसरी खेप २८ तारखेला आहे. मामा, मला टेबल नको रे.

गादीच्या दुकानात बसून लोकांच्या पाठीखाली काय घालावं याचाच विचार तू चाळीस वर्षं करत आलायस. माझ्या पाठीखाली काय घालू, ते सांग.

दोघांनी माझ्यावर आहे तेवढाच जीव ठेवावा, जमल्यास पाठीकडच्या बाजूला थोडा जास्त.

तुमची,
खारूताई


८ डिसेंबर

चि. खारूताईला,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानात आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग तुझ्या मामीने हातातून काढून घेतलं. लहानपणी कपाटावर चढून बसायचीस म्हणून मी तुला खारूताई म्हणायला लागलो. पण म्हणून तू स्वतःला झाडाला टांगून घेशील, असं काही वाटलं नव्हतं.

काळजी करू नकोस. गादीची परीक्षा तिच्यावर मूठ मारून करतात. मूठ आत गेली की समजावं, गादीवाल्याने कापूस चोरला. तुझ्यासाठी मी जी गादी केलीय तिच्यावर पैलवानाने मूठ मारली तरी त्याचाच हात दुखेल. चार बोटं जाड, ठासून भरलेली, टाके बोट-बोट अंतरावर. दोन सुया मोडल्या, पण मी हटलो नाही.

आणि न बघता पाठवतोय असं समजू नकोस. जाड कापडाची झोळी शिवली आणि गच्चीवर टांगली. एक टोक पाण्याच्या टाकीच्या लोखंडी खांबाला, दुसरं जिन्याच्या भिंतीत मी स्वतः ठोकलेल्या हुकाला. मामीने त्या हुकाकडे असं पाहिलं की हुकानेच मान खाली घालावी. पण मी ओळीने तीन दिवस, उजाडायच्या आधी वर जाऊन, ही गादी पाठीखाली घेऊन दूधवाला येईपर्यंत पडून राहिलो. गच्चीवर तोंडातून वाफ निघत होती, आणि माझी पाठ मात्र भाकरीच्या तव्यासारखी गरम. शेजारच्या गच्चीवरून मास्तरांनी विचारलं की घरातून काढलंय का. मी म्हटलं, संशोधन चाललंय.

तेव्हा निश्चिंत राहा. गादी या गाडीने येतेय. आमचा जीव आहेच तुझ्यावर, या खेपेला गादीत भरून पाठवलाय.

तुझा,
मामा


१५ डिसेंबर

ती. मामा आणि मामीला,
सा. न. वि. वि.

गादी पोचली. गाडीवाल्याने विचारलं की आत माणूस आहे का. शिलाई इतकी देखणी आहे की सगळ्यांनी हात फिरवून पाहिला.

पण मामा, रागावू नकोस. मुक्कामाच्या झोपडीमागे हॅमॉक बांधून दोन रात्री झोपून पाहिलं. मधोमध, जिथे माझा भार पडतो, तिथे नुसती फळी, आणि फळीखालून गारवा. कडेला, जिथे मी नाहीच, तिथे मात्र छान ऊब. शिवाय मी कूस वळवली की गादी दुसऱ्या बाजूने खाली उतरते आणि मला तिच्यामागे जावं लागतं.

तू खोटं सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. तू त्या तीन पहाटा कशा काढल्यास ते एकही गोष्ट न गाळता कळव. दिवस थोडे उरलेत. काल बाईंनी कार्यालयातलं खिडकीजवळचं टेबल पुसून घेतलं. कुणासाठी, ते त्या बोलल्या नाहीत.

तुमचा लोभ आहे म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

तुमची,
खारूताई


१८ डिसेंबर

चि. खारूताईला,
मामीचे अ. आ.

मी पत्राच्या वाटेला सहसा जात नाही, पण आता गप्प बसणं बरं नाही. तुझं पत्र आल्यापासून यांनी तोंडाला कुलूप लावलंय. दुकानात उरलेल्या गाद्यांवर मुठी मारतात, मूठ आत जात नाही, तरी चेहरा पडलेला.

त्या तीन पहाटांतली एक गोष्ट यांनाच माहीत नाही. मला त्या हुकाचा अजिबात भरवसा नव्हता. यांनी आजवर भिंतीत ठोकलेलं काहीच भिंतीत राहिलेलं नाही, आरसासुद्धा. या वयात पाठीवर पडले असते तर मी कुठे धावले असते? म्हणून रोज संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन झोळीच्या खाली एक जुनी दुलई ताणून बांधत होते. एक बाजू खांबाला, दुसरी जिन्याच्या कठड्याला. हूक निघालाच तर तिच्यात अलगद येतील. हे चष्मा खाली ठेवून अंधारात वर जायचे, त्यांना काय दिसणार? एकदा उतरताना पाय तिच्यात अडकला, तर झोळीचं कापड लोंबतंय म्हणून स्वतःलाच नावं ठेवली. ते चहाला बसले की मी दुलई सोडून आणायचे.

तीही कुठली, तर यांनी आयुष्यात शिवलेली पहिली. शिकवायला कुणी नव्हतं, दुसऱ्याची दुलई उसवून बघून बघून शिकले. टाके वीत-वीतभर लांब, आतला ऐवज फुगून भोपळ्यासारखा. यांना तिची लाज वाटते, दहादा म्हणाले टाकून दे. मी ती पेटीत तळाशी ठेवलीय.

ऊब कुठून आली ते मला कळत नाही, पण तू एकही गोष्ट गाळू नका म्हणालीस म्हणून लिहिलं. पाकिटात घालायच्या आधी हे पत्र यांच्या चष्म्याखाली ठेवणार आहे. मग काय होईल ते होवो.

अंगावरचं पांघरूण सरकू देऊ नकोस, आणि आमची आठवणही.

तुझी,
मामी


२२ डिसेंबर

चि. खारूताईला,
अ. उ. आ.

मामीचं पत्र चष्म्याखाली सापडलं आणि चार दिवस मीच अडवून ठेवलं. आता दोन्ही एकाच पाकिटात येताहेत.

आधी हुकाचा राग आला. मग गच्चीवर गेलो. पहिल्या पहाटे नुसती गादी घेतली, खाली काही बांधू दिलं नाही. अर्ध्या तासात तुझ्यासारखाच कुडकुडत खाली आलो. दुसऱ्या पहाटे गादी खोलीतच ठेवली आणि झोळीखाली तेवढी ती जुनी दुलई. खारूताई, डुलकी लागली मला.

मग डोक्यात प्रकाश पडला. ऊब कापसात नसतेच, कापूस जी हवा धरून ठेवतो तिच्यात असते. अंगाखाली चेपलीस की हवा पळाली, मग ती स्लीपिंग बॅग असो की माझी गादी. मी तर ती आधीच ठासून पळवून लावली होती. खाटेवर चालून जातं, कारण खाटेखाली वारा नसतो. झोळीत मात्र ऊब बाहेरून, खालून टांगायला हवी, जिथे तिच्यावर कुणाचा भार नाही.

म्हणून सोबत नवी दुलई आहे. आत हलकी पिंजलेली लोकर, बाहेरून जुन्या छत्र्यांचं कापड, म्हणजे ओल आत शिरणार नाही. वजनाला उशीपेक्षा कमी. टाके वीत-वीतभर, पहिलीसारखे. चाळीस वर्षांनी मुद्दाम विरळ शिवणं किती अवघड असतं म्हणून सांगू. हात सारखा जवळ टाका घालायला धावे. शेवटी मामी पट्टी घेऊन शेजारी बसली आणि चुकलो की उसवायला लावत होती.

बांधायची अशी. झोळी आणि दुलई यांच्यामध्ये तळहात आडवा सरकवायचा. दोन्हीकडून स्पर्श झाला पाहिजे, पण हात दाबला जाता कामा नये. सैल राहिली तर मधून वारा वाहील, घट्ट केलीस तर पुन्हा हवा पळेल. डोक्याकडची आणि पायाकडची नाडी ओढून तोंडं बंद कर.

आधीची गादी परत पाठव, नाहीतर त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर घाल. पण तिच्यावर तू बसायचं नाहीस, एवढं लक्षात ठेव.

माझ्यावरचा विश्वास चेपला गेला असेल तर थोडा पिंजून घे.

तुझा,
मामा


३ जानेवारी

ती. मामा आणि मामीला,
सा. न. वि. वि.

पाच रात्री. पाचही.

पहिल्या रात्री मी थंडीची वाट बघत पडले होते, गाडी चुकलेल्या पाहुण्याची बघावी तशी. ती आलीच नाही आणि मला झोप लागली. चौथ्या रात्री पेल्यातलं पाणी गोठलं. सकाळी खाली वाकून बघितलं तर दुलईवर बाहेरून पांढरा थर, आणि आत हात घातला तर जणू नुकतीच चुलीपाशी बसून उठलेली मांजर तिथून गेली असावी.

शेवटच्या दिवशी उजाडताना पाणमांजरीचे ठसे मिळाले, आई आणि बरोबर दोन पिल्लं. आईच्या पंजाची रुंदी तीनदा मोजली, तिन्ही वेळा एकच आकडा आला.

बाई स्वतः बघायला आल्या होत्या. मला वाटलं ठशांसाठी. त्या आधी माझ्या हॅमॉककडे गेल्या, चिखलात गुडघे टेकले आणि मधे तळहात सरकवून बराच वेळ तसाच ठेवला. पंधरा वर्षं त्या सगळ्यांना सवय होते म्हणून सांगत आल्यात. उठल्यावर गुडघे झटकत त्यांनी एवढंच विचारलं की पाठीचं माप कसं द्यायचं असतं. पथकात आम्ही सहा जण आहोत, सहाही मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. खिडकीजवळच्या टेबलावर आता स्टोव्ह ठेवलाय.

मामी, लहानपणी तू शिकवलेल्या गाठीच मी दुलईला मारते. सुटत नाहीत.

तुम्हा दोघांच्या मायेवर झोपलेली,
खारूताई


८ जानेवारी

चि. खारूताईला,
अ. उ. आ.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं, आणि पाच रात्री हे शब्द दोनदा वाचले. सहा मापं मिळाली. तिघांची शिवून झाली, मामी पट्टी घेऊन बसलेलीच आहे. मास्तरांनीही गच्चीवर येऊन झोळीत पडून पाहिलं, आता त्यांनाही संशोधन करायचंय.

एक राहिलं. हूक काढून टाकला. गवंड्याकडून भिंतीत चार बोल्ट बसवून घेतले, आता हत्ती टांगला तरी हलणार नाही. म्हणून मामीला म्हटलं, माझी ती पहिली दुलई आता जाळी म्हणून बांधायची गरज उरली नाही, तेव्हा उबेच्या हिशेबाने थोडी वर घे. ती म्हणाली, उबेचं तुम्ही बघा, मी तुम्ही पडू नये म्हणून बांधते, आणि मला हवी तिथेच बांधणार.

तिने बांधून झाल्यावर मी गुपचूप तळहात सरकवून पाहिला. दोन्हीकडून स्पर्श झाला, हात दाबला गेला नाही. मग वर चढून पडलो.

घरी आलीस की आधी गच्चीवर ये. आम्ही आहोत तसेच आहोत, तूही राहा.

तुझा,
मामा