मावा पडला!

ताश्कंद, १४ जून

प्रिय ओताजान,

सलाम. आईचे गुडघे कसे आहेत? जर्दाळू वाळत घातले का? मी मजेत आहे. संशोधन संस्थेच्या खानावळीतला पुलाव सोडला तर कसलीच तक्रार नाही.

आता तुमच्या तंबाखूच्या काढ्याबद्दल. मी फोनवर ओरडले, "आई, मावा पडला! कपाशी नुसती भरलीय!" तिने ते तस्संच तुमच्या कानावर घातलं आणि तुम्ही लगेच बसवाल्याबरोबर पाच लिटरचा कॅन धाडलात. आमचं काचघर सांभाळणाऱ्या ओयदिन-ओपांनी झारी भरलीसुद्धा! मी धावत जाऊन ती हिसकावली.

"अहो ओपा, हा मावा मीच आणून सोडलाय!"

"बापाने एवढ्या लांबून औषध पाठवलंय, आणि ही बया किडे पाळतेय!"

त्यांना बसवून सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. ही कपाशी तुमच्या कालव्याकाठची. तिला मावा लागत नाही, असं तुम्ही कायम सांगायचात. मला तिच्या एका जनुकाचा संशय होता. म्हणून निम्म्या रोपांत, एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, तेवढं एकच जनुक गप्प केलं. मग सगळ्यांवर मावा सोडला. पंधरा दिवसांत गप्प केलेली रोपं चिकट होऊन आकसली आणि शेजारची टवटवीत! म्हणजे राखण करत होतं ते तेच. ओताजान, मी ओपांना धरून गरागरा फिरवलं. त्या अजून शिव्या देताहेत.

बी मी आईकडून गुपचूप मागवलं होतं. तुमच्याकडे मागायला तोंड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, धाकट्याच्या लग्नात, गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर मी म्हणाले होते, "ओताजान, आपल्या कपाशीला मावा लागत नाही, ही नुसती तुमची समजूत आहे." सगळे हसले. तुम्ही चहाचा प्याला खाली ठेवून उठलात. तेव्हापासून माझा फोन आला की तो आईच्या हातात देता. मी कामाचं निमित्त सांगून गावी यायचं टाळलं. खरं कारण लाज.

आणि तरी माझ्या रोपांना कीड लागली म्हणताच तुम्ही रात्रभर तंबाखू भिजत घातलात. कॅन बघून मी रडले.

शुक्रवारी येते. नमाजानंतर चहाखान्यात तीच मंडळी जमतील ना? तुम्ही नुसते बसा. तुमचं खरं होतं, हे त्यांना मी सांगणार आहे.

चुकलेली, आणि त्यामुळेच आज एवढी खूश असलेली,
तुमची मोहिरा