सपाट मुलखाची गाडी

अळणावर,
जानेवारी २००२

प्रिय प्रवीण,

अण्णाचे अनेक आशीर्वाद. वास्कोत तुझं बरं चाललंय, मोठा ट्रक हाताखाली मिळालाय, हे येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळतं. तू लिहीत नाहीस, ते असो. मी लिहितोय, कारण आपल्या पिकअपचं मागच्या चाकांमधलं गिअरचं हाऊसिंग उघडलं गेलंय आणि ही बातमी तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. अर्धी गाडी तुझी आहे. जाताना रेल्वेच्या डब्याच्या दारात उभा राहून तू म्हणाला होतास, की मागचे गिअर बदललेस तर गाडी तूच ठेव, मला भाऊ नाही असं समजेन. ते मी विसरलेलो नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

तुझं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. धारवाडच्या पुढे नव्या हायवेला लागलो, की आपली ही पिकअप काय पळायची रे! तू एका हाताने स्टिअरिंग धरायचास आणि मी दोन्ही हातांनी सीट. हुबळी-बेळगाव पार्सलची लाईन धरायची, हे तुझं स्वप्न त्याच पळण्यावर उभं होतं. पण तीच गाडी रताळ्यांची पोती भरून गावाबाहेरच्या आपल्या चढाला लागली, की पहिल्या गिअरमध्येसुद्धा तिला धाप लागायची. पंप झाला, नोझल झाले, लिंबू-मिरच्या झाल्या, दुर्गव्वाला नारळ झाला. शेवटी गाडीला कुणाची तरी दृष्ट लागली आहे असं ठरवून आपण गप्प बसलो.

चढाची आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. एकाने चालवायची आणि एकाने बाभळीचा ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचं. इंजिन बंद पडलं, की गाडी मागे सरायच्या आत ठोकळा चाकाखाली घालायचा. तू चालवायचास, मी चालायचो. तू गेल्यावर मी चालवायला लागलो. मग ठोकळा कोण घेऊन चालत होतं, हे तू कधी विचारलं नाहीस आणि कुणी तुला सांगितलंही नसेल. अव्वा चालत होती, आपली आई. गडी ठेवून पाहिले. एकाने पायाचा अंगठा चेचून घेतला, दुसरा त्याला बघून पळाला. अव्वा म्हणाली, घरचं काम घरच्यानेच करावं, आणि पदर खोचून उतरली. मी भांडलो, रताळी शेतात कुजू देतो म्हणालो. आपल्या अव्वापुढे कुणाचं काय चाललंय आजवर? अप्पांचं तरी चाललं होतं काय?

या पावसाळ्यानंतर तिचे गुडघे गेले. चढ संपेपर्यंत ती ओठ चावून चालायची आणि वर आल्यावर, काही झालंच नाही अशा थाटात माझ्या शेजारी येऊन बसायची. मग मी तिला घेऊनच जुन्या हुबळीला गेलो, परशुराम मेस्त्रीकडे. गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवू म्हणून तिला नेलं आणि वाटेत गाडी गॅरेजला वळवली. तिला सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

परशुराम मेस्त्री अजून तसाच आहे, काम कमी आणि बडबड जास्त. त्याने गाडीचं मागचं अंग जॅकवर उचललं, चाकाला आणि इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टला खडूने खुणा केल्या आणि दोन्ही चाकं सारखी फिरवायला लावली. एक चाक मी धरलं, दुसरं अव्वाने मागून घेतलं. चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्ट चार फेरेसुद्धा पुरे करीना. मेस्त्री मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, अरे ही गदगकडची गाडी! तिथल्या सपाट काळ्या रानातल्या रस्त्यांवर पळवायला कुणीतरी हिला पळायचे गिअर बसवलेत, तुमच्या चढाला शाफ्टचे पाच फेरे तरी पाहिजेत. प्रवीण, मी तिथंच उकिडवा बसलो. इतकी वर्षं आपण तिला दुबळी म्हणत होतो. ती दुबळी नव्हतीच, ती सपाट मुलखाची होती.

मग त्याने हाऊसिंग उघडून आत बॅटरी मारली. तू हे पाहिलं असशील, मी पहिल्यांदाच पाहत होतो. काळ्या तेलात तो मोठा क्राऊन, ताटाएवढं दातेरी चक्रच, आणि त्याला दातांत दात घालून बसलेला बारका पिनियन. दोन्ही चाकांना ताकद त्यातूनच जाते, आणि वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, कुणी न सांगता. देवळात जसा आपोआप आवाज खाली येतो तसा माझा आला. इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागे फिरत होतं आणि मी कधी वळून पाहिलं नव्हतं. मेस्त्रीने दोन्ही बाजू सांगितल्या. बदललं तर चढ चढेल. पण हायवेवर इंजिन ओरडेल, पळणं संपेल, पार्सलची लाईन विसरा. ठरवा तुम्ही, नंतर मला शिव्या देऊ नका.

मी ठरवू शकेना. तू दारात उभा दिसत होतास. अव्वाने एकच विचारलं, हे बदललं तर प्रवीणला राग येईल काय रे? मी होय म्हणालो. तर मग राहू दे, बसव परत, म्हणाली, मी चालते की. मेस्त्रीचा माणूस गाडी खाली उतरवायला लागला. चाकं जमिनीला टेकली आणि गाडी जरा मागे सरली, वीतभरसुद्धा नसेल. आम्ही तीन पुरुष तिथं उभे होतो. आमचे हात हलायच्या आत अव्वा खाली वाकली होती आणि भिंतीजवळची वीट चाकाखाली गेली होती. सपाट गल्ली ती, भर दुपारची, आणि तिचे हात मात्र आपल्या चढावर होते. मी म्हणालो, बदला. तुझ्या वाटणीचंही मीच म्हणालो.

दुसऱ्या आठवड्यात पोती भरली. चढाच्या पायथ्याला अव्वा सवयीने उतरायला लागली. मी तिला हाताला धरून बसवलं, तरी दार उघडं ठेवून, ठोकळा मांडीवर घेऊन आणि एक पाय बाहेर सोडून ती बसली. गाडी चढायला लागली. सावकाश, पण कुठं न थांबता, न धापता. मला खरं वाटेना. अर्ध्या वाटेवर अव्वाने पाय आत घेतला. माथ्यावर पोचलो तेव्हा ती बाहेर बघत होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. यव्वा, हे आपलंच गाव काय रे, म्हणाली. जन्म गेला तिचा या चढावर. पण डोक्यावर भारा असताना नजर पायाखाली असायची आणि नंतर मागच्या चाकावर. खालचं जंगल, तळं, आपलं कौलारू घर, यातलं काही तिने माथ्यावरून कधी पाहिलंच नव्हतं. मी गाडी बंद केली.

तेवढ्यात झाडांतून रेल्वे निघाली. अव्वाने विचारलं, ही गोव्याला जाते काय? मी म्हणालो, होय, प्रवीण याच रुळांवरून गेला. ती डबे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, एवढं इथूनच दिसत होतं, आणि मी चाकच बघत बसले.

त्या दिवसापासून माथ्यावर गाडी थांबवावी लागते. रेल्वे गेल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नाही. येणारीही बघते, जाणारीही बघते. परशुराम मेस्त्रीने काढलेला जुना क्राऊन आणि पिनियन तारेने एकत्र बांधून दिलाय, ही जोडी फोडली तर दोन्ही वाया जातात म्हणून. अव्वा रोज ते तेलाच्या फडक्याने पुसते. काल तिने मला बसवून हे पत्र लिहायला लावलं. तुला कळव म्हणाली, की तुझं सामान जपून ठेवलंय, तुला परत बसवायचं असेल तर ये, ती पुन्हा ठोकळा घेऊन मागून चालेल. हे मी तिच्या शब्दांत लिहिलंय. माझं एवढंच म्हणणं, की येशील त्या दिवशी ती माथ्यावर असेल, तेव्हा अळणावर यायच्या आधी डब्याच्या दारात उभा राहा.

तुझाच,
पुंडलिक अण्णा