सहा नंबरची मोटर

११ फेब्रुवारी

उडाला! जमिनीपासून हातभर वर, चाळीस सेकंद, आणि जागचा तसूभर हलला नाही. छताचा पंखा बंद करायला मी विसरले होते — तो वरून भन्नाट फिरतोय, टेबलावरचे कागद उडतायत, आणि हा पठ्ठ्या स्वस्थ. दादा म्हणाला, "चिंगे, श्वास घे आता."

खरंच घेतला नव्हता.

आजवर साठेक ड्रोन बनवले असतील मी. चार हात, चार मोटरी, चार पाती, झालं काम. हा निराळा. हात चारच, पण प्रत्येक हाताला दोन मोटरी, एक वर, एक तिच्याच पोटाखाली. वरचं पातं उजवीकडे फिरतं, खालचं डावीकडे. एकीने दिलेला पीळ दुसरी तिथल्या तिथे सोडवते. हे मी वाचलं होतं, गिऱ्हाइकांना पढवलंही होतं, शहाणपणा करत. डोळ्यांनी आज पाहिलं. हवेत खुंटी ठोकून टांगल्यासारखा उभा होता.

१२ फेब्रुवारी

कालच्या नादात लिहायचं राहिलं की हे काम कुणाचं. रक्तपेढीच्या मॅडमचं. नदीपलीकडे कड्यावर एक छोटा दवाखाना आहे. पूल पार लांबून, गाडीने दोन तास. ड्रोनने अकरा मिनिटं. पण उतरायचं दवाखान्याच्या मागच्या गॅलरीत, आणि ती एवढीशी. आठ हात पसरले तर शिरणार नाही. चार मोटरींचा केला आणि एक गेली, तर रक्ताच्या पिशवीसकट नदीत. म्हणून हा उपद्व्याप.

मॅडमची अट: "एक मोटर बंद पडली तरी पोचला पाहिजे. मी समोर उभी राहून बंद करायला लावणार." बाई कडक आहेत. मला आवडल्या.

१७ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. माझं आणि दादाचं जुळलं.

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्याला दीड वर्ष झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चार तास मशीनवर. उरलेला वेळ माझ्या वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसतो. म्हणतो, घरी बसलो तर तुझी वहिनी माझे घोट मोजते. मोजते हे खरं आहे. दिवसाला एक बाटली पाणी, बस. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. मी नऊ वर्षांची असताना मला सोल्डरिंग त्याने शिकवलं. बोटं पोळली की फुंकर मारायचा आणि पुन्हा हातात सोल्डरिंग आयर्न द्यायचा.

वहिनीला शुगर, तिची चालणार नाही. आई-बाबा नाहीत. राहता राहिले मी.

डॉक्टरीणबाई माझ्या रक्ता-लघवीच्या रिपोर्टवर खूश होत्या. "बेचाळीसाव्या वर्षी इतकं स्वच्छ काम! तुमच्या किडन्यांना शंभरपैकी शंभर." मला उगाच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. आता सोनोग्राफी, मग पुढचं. दादा एवढंच म्हणाला, "सावकाश ठरव गं. घाई नाही."

घाई आहे. त्याचे पाय संध्याकाळी भाकरीच्या पिठासारखे होतात, बोट दाबलं की खड्डा राहतो.

मी लगेच हो म्हणाले. तोंडाने.

२४ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन. सोनोग्राफीला कधी येता? म्हटलं, सर्दी झालीये.

सर्दीबिर्दी काही नाही.

२ मार्च

खालच्या मोटरीचं दुखणं समजलं. वरचं पातं हवा घुसळून खाली ढकलतं, आणि ती उष्टी हवाच खालच्या पात्याच्या वाट्याला येते. त्यामुळे तिला मेहनत जास्त, फळ कमी. चार दिवस कुरकुर ऐकत होते नुसती. दादाने कान लावला आणि म्हणाला, "खालचं पातं जरा जास्त पिळाचं लाव." लावलं. कुरकुर गेली. रेडिओवाल्याचा कान तो. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते!

वरच्या मोटरींना एक ते चार नंबर दिले, खालच्यांना पाच ते आठ. एकच्या खाली पाच, दोनच्या खाली सहा, असं. लॅपटॉपवर प्रत्येकीचं वेगळं बटण केलं. दाबलं की उडता उडता ती मोटर मरते.

३ मार्च

मारली. मागच्या अंगणात, दोन माणसं उंच असताना, चार नंबर. ड्रोन एका बाजूला वीतभर झुकला, आणि मी डोळे मिटायच्या आत सरळ झाला. आठ नंबर आपली झाली दुप्पट, बाकीच्यांनी आपापला जोर इकडेतिकडे सरकवला, आणि संपलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, विचारलं नाही. एक गेली, हे फक्त आवाजात कळलं, तेही दादाला.

मी खाली मातीत बसले. रडू का आलं कुणास ठाऊक. दादा म्हणाला, "चांगलं झालं की रडतेस, वाईट झालं की भांडतेस."

६ मार्च

आज पुन्हा. एकेक करून आठही. मग उलट क्रमाने. मग डोळे मिटून कुठलीही. दादा वैतागला. "अगं, सिद्ध झालं. किती वेळा मारशील त्याला?"

९ मार्च

या वहीत तरी खरं लिहावं. एवढ्या वेळा का मारते, ते मला माहीत आहे.

मला भीती वाटते. एक किडनी पुरत असती तर दोन कशाला दिल्या असत्या? डॉक्टरीणबाई सांगतात, एकीवर माणूस आरामात ऐंशी वर्षं जगतो. सांगायला काय जातं. मी मशीनवाली बाई आहे, राखीव भाग काढून घेतलेलं यंत्र मी कुणाला विकणार नाही. आणि ज्याने माझ्या हातात पहिलं सोल्डरिंग आयर्न दिलं त्याच्यासाठी मी हा हिशेब करत बसलेय. लाज वाटते.

आज दादाच्या डाव्या हातावर बोट ठेवलं. मशीनसाठी तिथली शीर जोडून घेतलीये, ती सारखी थरथरते. बोटाला स्पष्ट लागतं, मंद चाललेल्या मोटरीसारखं. तो म्हणाला, "नऊ नंबर." आणि स्वतःच हसला.

२० मार्च

सिस्टरचा तिसरा फोन. यावेळी म्हटलं, चाचणी आहे, एप्रिलनंतर. वहिनी शेजारीच भाजी निवडत होती. मान वर केली नाही. "तुझं काम महत्त्वाचं आहेच," म्हणाली. टोमणा नव्हता, तेच लागलं.

२८ मार्च

जवळजवळ रोज उडवतोय. दोन दिवसांपूर्वी वारा असतानाही गॅलरीएवढ्या खोक्यात अलगद उतरवला. मी टाळ्या वाजवल्या. मलाच.

१५ एप्रिल

चाचणी!

नदीकाठी मॅडम, त्यांचे दोन मदतनीस, मी, आणि खुर्चीवर दादा. मशीनचा वार होता, पण त्याने सिस्टरला मस्का लावून वेळ दुपारी करून घेतली. पिशवीत रक्त नव्हतं, रंगीत पाणी. वाऱ्याने माझी ओढणी जागेवर राहीना. ड्रोन निघाला. पात्राच्या मध्यावर मॅडम म्हणाल्या, "आता बंद करा एक." म्हटलं, कुठली? तुम्हीच सांगा. त्यांनी जरा विचार केला. "तीन."

दाबलं. नेहमीपेक्षा जास्त झुकला. दोनदा डुलला. मग सावरला, आणि गेला. पलीकडून नर्सबाईंचा फोन: "आलं हो, गॅलरीत. पाणी सांडलंसुद्धा नाही." मॅडम आभाळाकडे बघत राहिल्या. कडक बाईंचे डोळे ओले होते. म्हणाल्या, "मागच्या वर्षी असं काही असतं तर."

१६ एप्रिल



आज ड्रोन परत आला. दादा सवयीने एकेका मोटरीवर बोट ठेवत होता. दोन नंबरवर थांबला. "ही एवढी काळी का पडलीये? बाकीच्या तर नव्यासारख्या." मी म्हटलं वारा होता. तो म्हणाला, "वारा काय एकीलाच लागतो?"

उड्डाणाची नोंद उघडली. सहा नंबर: शून्य. अख्ख्या चाचणीत शून्य. आदल्या दिवशी शून्य. मागे मागे गेले. सव्वीस मार्चला मी बटणं तपासताना सहा नंबर मारली होती आणि परत चालू करायची विसरले. तेव्हापासून एकोणीस उड्डाणं. एकोणीस! मी टाळ्या वाजवल्या तेही सातच मोटरींवर. उडायच्या आधीपासूनच बंद, आवाज मधेच बदलला नाही, म्हणून दादाच्या कानालाही कळलं नाही. आणि डोळ्यांनी कळणार कसं? वरच्या पात्याच्या वाऱ्याने खालचं मेलेलं पातं आपोआप गरगरत होतं. दिसायला अगदी जिवंत. आणि दोन नंबर तिचं आणि स्वतःचं, दोन्हींचं ओझं घेऊन तीन आठवडे मुकाट उडत होती.

म्हणजे नदीवर तो सहा मोटरींवर होता. मॅडम "तीन"च्या ऐवजी "दोन" म्हणाल्या असत्या तर त्या हाताला काहीच उरलं नसतं. आणि खरं सांगू? भीतीच्या वर काहीतरी होतं. त्या काळ्या पडलेल्या मोटरीला हात जोडावेसे वाटले.

दादा बराच वेळ मोटर बोटांत फिरवत होता. "चूक बटणाची नाही," म्हणाला. "एक गेली हे कळायची सोयच तू ठेवली नाहीस. कळलं नाही तर राखीव कसली? आपण दोन म्हणत राहायचं, आणि असते एकच."

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, गेलं काम. त्या म्हणाल्या, "भोंगा बसवा. एक जरी बंद असेल तर जमिनीवरून उठता कामा नये. मग पुन्हा या."

२१ एप्रिल

भोंगा बसला. सहा नंबर बंद ठेवून बघितलं. असा कोकलला की शेजारची शिवणवाली धावत आली.

२२ एप्रिल

मी स्वतः सिस्टरला फोन केला. परवाची वेळ मिळाली. एकोणीस उड्डाणं एकीने निभावली, मग मी कोण लागून गेले? भीती गेली म्हणणार नाही. आहे. पण आता ती दाराशी बसलीये, वाट अडवत नाहीये.

दादाला सांगितलं. तो सोल्डर करत होता, मान खालीच. म्हणाला, "तुला सर्दी नव्हती, मला माहीत होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "मीही आलो नसतो गं पहिल्या फोनला." माझ्यासाठी खोटं बोलला. तो आला असता.

२४ एप्रिल

कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितेय. सोनोग्राफीवाल्या बाई डाव्या बाजूला फार वेळ यंत्र फिरवत राहिल्या. कुशीवर झोपा, पालथ्या झोपा, श्वास रोखा. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डावी किडनीच नाही. काढलेली नाही, सुकलेली नाही. जन्मापासूनच नाही. उजवी खूप मोठी झालीये. डॉक्टर म्हणाले, दोघींचं काम करतेय ना.

बेचाळीस वर्षं. शंभरपैकी शंभर. आणि मी दोन म्हणत होते.

दादा बाहेर बाकावर आहे. तपासणीआधी मला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, त्यातली अर्धी उरलेली बाटली मांडीवर धरून. दार उघडून त्याला सांगायचंय की द्यायला माझ्याकडे नव्हतीच.