धरणगावचा गाळा

धुळे, २४ मार्च २०२५

ती. ज्योतीअक्कास,
कुंदनचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. पण खाली दुकान, वर आम्ही दोघं; फोनवर मी नुसता खोकलो तरी झुलालमामा विचारतात, कोण होतं? उत्तर समोरच्या प्रेमराजच्या चहाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक.

धरणगावला बसस्टँडमागे एक गाळा बघून आलो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचं, स्वतःचं दुकान. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर उघडायचं. तारेचा व्यापारी ठरला, वीजजोडणीचं बोलून झालं. मामांना सांगायचं तेवढं राहिलंय. आईबाबांच्या मागे त्यांनी आपल्याला वाढवलं, हा धंदा हातात दिला. मामी गेल्यापासून मला डोळ्याआड होऊ देत नाहीत. परवा म्हणाले, तू आहेस म्हणून मला कसली काळजी नाही. त्यानंतर काय बोलणार?

फीत तुझ्याच हातून कापायची. रागवायचं असेल तर आताच रागवून घे.

तुझा,
कुंदन


जामनेर, १ एप्रिल

चि. कुंदनास अनेक आशीर्वाद.

पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा आधी वाटलं, कुणाचं काय झालं. माझी ऋतिका विचारते, कुंदनमामा लपूनछपून लिहायचंच तर एखाद्या मुलीला का लिहीत नाही?

थट्टा राहू दे. गाळा बघितलास, बरं वाटलं. पण मामांना बाहेरून कळू देऊ नकोस. मी लग्न होऊन त्या घरातून निघाले तेव्हा गावानं अक्षता टाकल्या. तुला निघायला तसा मुहूर्त कुणी काढून देणार नाही. तुझ्या तोंडानंच निघावं लागेल.

फीत कापायला मी येणारच. साडी काढून ठेवलीय. जिवाला जप.

ज्योतीअक्का


धुळे, १० एप्रिल

ती. अक्कास सा. न.

काल सांगायला म्हणून खाली उतरलो, तर मामा हात धरून रस्त्यावर घेऊन गेले. जुनी पाटी उतरवलेली, नवी वर चढवलेली. ‘झुलाल आणि कुंदन’. रंग ओला होता. मामांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. लोक हात मिळवत होते. प्रेमराज म्हणाला, नशीब काढलंस. मीही पेढा खाल्ला.

गाळेवाल्याचे फोन येतात, मी उचलत नाही. माझ्याच नावाखालून आत-बाहेर करताना मान खाली जाते. गेलो तर लोक तोंडावर थुंकतील. राहिलो तर इथंच म्हातारा होईन. कुणी बांधून घातलं असतं तर निदान दोरी तरी दिसली असती.

कुंदन


जामनेर, १६ एप्रिल

चि. कुंदनास आशीर्वाद.

तुझ्या वतीनं मीच बोलावं म्हणून मामांना फोन लावला. त्यांनी ‘बोल बेटा’ म्हटलं आणि मी कैऱ्यांचा भाव विचारून ठेवून दिला. मलाही जमलं नाही. पण तिथून निघायचंय ते तुला, मला नाही. बोल.

ज्योतीअक्का


धुळे, २३ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

बोललो. मामा मोटार उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, माले बठ्ठं माहीत शे. सगळं ठाऊक होतं त्यांना. गाळेवाल्यानं महिन्यापूर्वीच त्यांच्याकडे माझी चौकशी केली होती. म्हणूनच पाटी रंगवली म्हणाले, पाटीवर नाव आलं की पोरगं जाणार नाही.

अक्का, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, पेढे वाटून मला डांबलंत. ते म्हणाले, दुसरं काय होतं माझ्यापाशी? तरी मी शब्द मागे घेतला नाही. गाळेवाल्याला होकार कळवला.

मामा धरणगावला येणार नाहीत. कामापुरतं बोलतात.

आता एक मागणं. तू फीत कापायला येऊ नकोस. दर आखाजीला तू या घरी माहेरपणाला येतेस, यंदाही इथंच ये. ऋतिकाला आण. निघण्याआधी मी तुम्हा दोघींसाठी आखाजीचा झोका बांधून ठेवतो. माझं शटर मी एकटा उचलीन, त्या दिवशी मामांचं घर तेवढं रिकामं ठेवू नकोस.

मामांवर आणि माझ्यावर, दोघांवरही सारखीच माया ठेव.

तुझा,
कुंदन