बाबांच्या आवाजाची फाईल

बंड्या,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे फ्रिजवर चिकटवून दुकानात चालले.

आज कॉम्प्युटर लावला, तर एकही प्रोग्राम धड उघडेना. सगळ्यांचं एकच रडगाणं, ‘फाईल सापडत नाही’. सोमवारी सकाळीच तू बाबांच्या आवाजाची फाईल उडवलीस ना? ऐकवत नाही म्हणून? अरे शहाण्या, त्या एका फाईलवर तीन प्रोग्राम चालत होते: पत्रं वाचणारा, वेळ सांगणारा आणि आईला सकाळी नऊला गोळीची आठवण करून देणारा. आईला दिसत नाही म्हणून बाबांनी जाण्याआधी खपून केले होते. मला विचारायचंस तरी! दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते मी.

आईच्या तीन दिवसांच्या गोळ्या चुकल्या असणार, म्हणून मी धावले. डबी उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही खण रिकामे.

आईला विचारलं, आठवण कुणी करून दिली? म्हणाली, "तुझे बाबाच सांगतात की रोज. फक्त हल्ली आवाज टेबलाकडून येत नाही, उशाशी येतो."

जुन्या डिस्कवरून फाईल काढून पेनड्राइव्हवर ठेवली आहे. परत टाकायला दोन मिनिटं लागतात. पण उद्या नऊला आवाज दोन्हीकडून आला तर, या विचाराने हात पुढे होईना.

लवकर ये. रोज आईला एकटं सोडून निघताना माझा जीव खालीवर होतो. आज ती एकटी आहे असं वाटतच नाही.

ताई