उपाशी गोधडी

८ सप्टेंबर, सोमवार

चित्रकलेचा तास गेला! कार्यानुभवही गेला. हेडसर तात्यारावांनी वेळापत्रकावर सरळ रेघ मारली आणि दोन्ही ठिकाणी "सराव चाचणी" लिहिलं. वर मलाच ऐकवलं, "मॅडम, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?"

पंधरा वर्षं शिकवतेय. चौथीची पोरं पाऊण म्हणजे काय ते फळ्यासमोर घोकतात आणि दारात विसरतात. त्यावर आणखी घोकंपट्टी! मी ऐकणार नाही.

११ सप्टेंबर

तास गणिताचा, काम गोधडीचं. वेळापत्रकात गणित लिहिलंय, मी गणितच शिकवतेय — कुणी बोलून दाखवावं! घरोघरची जुनी लुगडी, शर्ट गोळा केले, बोरीच्या बाजारातून दोरा आणला. चौकोनाला घडी घालून कापायचं: निम्मा, पाव, आठवा. कोणता रंग कुठं बसवायचा ते पोरांनी ठरवायचं. त्यावरून भांडणं झाली, नुसता दंगा!

आणि राणी. फळ्यासमोर उभं केलं की मुकी होणारी पोरगी. आज तिला विचारलं — पाऊण लाल झालं, त्याला एक आठवा हिरवा जोडला, आता? मान वर न करता म्हणाली, "अजून एक आठवा कमी पडायलाय, मॅडम."

मी मोजून पाहिलं. बरोबर!

२२ सप्टेंबर

राणीची आई राजेश्री शाळेत आली होती. दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला निघणार, राणीला सोबत नेणार. "धाकट्याला संभाळंल. हितं ठिवून काय करू? हेडसर म्हनले, पोरगी ढ हाय."

ढ! मी गोधडी पुढ्यात टाकली. तिनं टाके बोटानं चाचपले, चांगले पडलेत म्हणाली. राणीला न्यायचं मात्र ठरलेलंच. जाता जाता सांगून गेली, "शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून शिवा. गोधडी उपाशी ठिवू न्हाई."

४ ऑक्टोबर

संपली गोधडी! कोपरा राणीनं शिवला. तुकडा एकच घालायचा होता, पण हट्टानं प्रत्येकानं आपला घातला. अठ्ठावीस पोरं, अठ्ठावीस तुकडे. मी हसत बसले. तिथंच चुकले.

७ ऑक्टोबर

केंद्रप्रमुख आले. मी मोठ्या ऐटीत गोधडी टेबलावर पसरली — आणि मुंग्या! फायलींवर मुंग्या, साहेबांच्या बाहीत मुंग्या. हेडसर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शिवत बसले होते. हातातल्या दाभणानंच त्यांनी कोपरा उसवला, भाकरी खिडकीबाहेर झटकली, गोधडी कपाटात कोंबली. किल्ली खिशात.

"लेखी खुलासा द्या."

८ ऑक्टोबर

दिला खुलासा. "मुंग्यांची चूक माझी. गोधडीची नाही. राणीपुढे गोधडी टाका आणि अपूर्णांकातलं काहीही विचारा. ती चुकली तर मी पुन्हा वर्गात कात्री आणणार नाही." खाली ठसठशीत सही!

१५ ऑक्टोबर

चाचणीत राणीला गणितात तीन गुण. सरांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. मला फार लागलं. जे तिला कापडावर येतं ते कागदावर उतरवायला मी अजून शिकवलं नाही, हे खरं. पण ढ नाही ती. नाही म्हणजे नाही!

४ नोव्हेंबर

सुट्टी संपली. उद्या पहाटे टोळीचा ट्रॅक्टर निघणार. राजेश्रीकडे पुन्हा जाऊन आले. "मॅडम, तुमी कितींदा बी या, ती यायलीय आमच्यासंगं." तिथून तडक शाळेत. सरांकडे कपाटाची किल्ली मागितली — एकदा तरी राजेश्रीपुढे गोधडी पसरून राणीला विचारू द्या. सर म्हणाले, "बघू." हात हलवत परत आले. बघू म्हणे!

६ नोव्हेंबर

राणी वर्गात! दुसऱ्या रांगेत, गोधडी पांघरून.

"परवा हेडसर आले व्हते घरी, गोधडी घेऊन. आईसमोर लय इचारलं. एक बी चुकलं न्हाई मॅडम. आईनं मला शेजारच्या गोजरकाकूकडं ठिवलं."

सरांनी उसवलेला कोपरा मी चाचपला. पुन्हा शिवलेला — मोठे, वाकडे, दाभणाचे टाके, फायलीच्या दोऱ्याचे. आत भाकरी. एकच तुकडा.