सगळे कप हिरवे

सोमवार, ४ मार्च
संकल्प: परीक्षेची वाट पाहणं बंद. पोरांना काय कळलंय ते तासातच ओळखायचं. प्रत्येकापुढे एकात एक ठेवलेले तीन प्लास्टिकचे कप. वर हिरवा म्हणजे कळलं, पिवळा म्हणजे थोडंसं, लाल म्हणजे ढिम्म काही नाही. कप घरचे, पिकनिकचे. बायकोला, म्हणजे हिलरीला, अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवारी हेडबाई मिसेस फॉदरगिल तासाला बसणार. गणित विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे आणि मला ती हवी आहे. रोजनिशीपासून काय लपवायचं?

आठवीला अपूर्णांकांचा भागाकार. चौदा लाल. पुन्हा समजावलं, अगदी पिझ्झापासून. मधली सुट्टी त्यातच गेली. एकही पोर जागचं हललं नाही. (दार मी लावून घेतलं होतं.)

मंगळवार
लाल तीनच. त्या तिघांसाठी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत थांबवलं. टॅम्सिन म्हणून एक चुणचुणीत मुलगी आहे. म्हणाली, सर, आम्हाला कळलं हो. म्हटलं, तू नको बोलूस, कप बोलू दे.

बुधवार
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हिरवे! तेही मी तोंड उघडायच्या आधी. हिलरी म्हणाली, अरे, एखादं गणित घालून बघ की. तिला शिकवण्यातलं काय कळतं. विश्वास नावाची काही चीज असते. शिवाय कपांवरून ती चिडलेली आहे.

गुरुवार, सकाळी ७.४०
उद्यासाठी हिरवा टाय काढून ठेवला. आरशासमोर 'छे छे, श्रेय मुलांचं' हे चारदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा गळा छान दाटून आला.

शुक्रवार, दुपार
वर्ग हिरवागार. मागे बसलेल्या हेडबाईंनाही कप दिले होते. त्यांचा एकट्यांचा लाल. समजावलं. तरी लाल. पुन्हा समजावलं. घंटा व्हायला आली तसा त्यांनी घाईघाईनं हिरवा वर ठेवला आणि सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या: पाव भागिले अर्धा किती?

बरोबर उत्तरं: शून्य. टॅम्सिननं लिहिलं होतं, 'माहीत नाही. पण लाल ठेवला की सुट्टी जाते.'

खुर्चीचं विचारलं. हेडबाई म्हणाल्या, आधी मुलांना सुट्टीत बाहेर सोडा.

संध्याकाळी ६
वाईट वाटतंय. मला खरंच वाटलं होतं की पोरांना कळतंय. हिलरीला सगळं पहिल्यापासून सांगायला बसलो. पिझ्झापर्यंत आलो होतो. तिनं कपांच्या चळतीतून हिरवा काढला आणि वर ठेवला.

चहा मीच केला.